डावीकडे वळलेला टाका

रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे आधीच लिहून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई झोपेविना भ्रमिष्ट झाली होती आणि काहीबाही खरडून गेली. टायपिंगवाले काका म्हणाले, मृत्युपत्रात सगळ्यात आधी आपण शुद्धीत आहोत असं लिहावं लागतं. तर झोप झालेली नाही, पण मी शुद्धीत आहे. दुकानाची किल्ली कुठे आहे, मुलीला सकाळी डब्यात काय दिलं, गॅस बंद केला का, सगळं ठाऊक आहे.

झोप न लागायला दोन कारणं झाली. एक म्हणजे आज संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचंय आणि उद्या सकाळी पोट चिरणार आहेत. हे माझं दुसरं बाळंतपण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार खाली बसली आहे आणि आतून चिकटली आहे, सोडवताना रक्त फार जाऊ शकतं. मी विचारलं, "फार म्हणजे किती?" त्या म्हणाल्या, "आम्ही बाटल्या तयार ठेवतोय, तू काळजी करू नकोस." म्हणजे उत्तर मिळालंच. दुसरं कारण इथे दुकानात माझ्यासमोर टेबलावर उघडं पडलंय. जुन्या स्कोपच्या आतला एक टाका. त्याचं पुढे लिहिते. माझ्यामागे माझी पोरगी कुणाच्या घरी वाढणार, ते त्या टाक्यावर येऊन थांबलंय.

तर मी, जुनी मीटरं आणि स्कोप दुरुस्त करायच्या दुकानाची मालकीण, सातवीपर्यंत शिकलेली, कुणाच्या धाकाने नाही, कुणी पढवलं म्हणून नाही, माझ्या मनाने हे लिहून ठेवते. याच्याआधी असा कागद मी केलेला नाही. उद्या मी परत आले तर हा कागद फाडीन, पण शेवटी जे लिहिलंय ते तरीही करायचं आहे.

कलम एक. काका म्हणाले आधी घर-जमीन लिहायची, मग माणसं. घर भाड्याचं आहे आणि जमीन कुंडीतली. म्हणून माणसं आधी. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. दिसेल ते बटण दाबते म्हणून तिला सगळे बटणच म्हणतात. तिचा बाप आहे, चांगला आहे, तिच्यावर त्याचाच हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण तो लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. घरी येतो तो पाहुण्यासारखा. तो रस्त्यावर असेल तेव्हा बटणने आणि पोटातलं जगलं-वाचलं तर त्यानेही, माझ्या दादाकडे राहावं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मुलांचा मामा. तो दुसऱ्या गावात वजनकाटे दुरुस्त करतो. बाबा गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं त्याच्याकडे कारण आहे.

नवऱ्याला हे फोनवर सांगायला गेले. म्हटलं, "मला काही झालं तर पोरांना दादाकडे ठेव." तो म्हणाला, "तुझा दादा? जो तुझा फोन उचलत नाही तो?" मी म्हटलं, "तोच." तो म्हणाला, "असलं बोलू नकोस गं, मी गाडी चालवतोय." रडत होता. चालवताना रडणाऱ्या माणसाला जास्त काही सांगता येत नाही, म्हणून कागदावर लिहिते.

कलम दोन. बँकेत जे असेल ते नवऱ्याला, मुलांसाठी. माझ्या कानातलं बटणला, कान टोचायचे की नाही ते तिने ठरवावं. सिरीज बोर्ड नवऱ्याला. लाकडी फळीवर एक बल्ब आणि एक सॉकेट आहे, तोच. बंद पडलेली कुठलीही वस्तू सरळ भिंतीतल्या विजेला लावायची नाही, आधी या बल्बमधून लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भरून पेटतो आणि वस्तू वाचते. शॉर्ट नसेल तर बल्ब मंद राहतो. ट्रकमधला रेडिओ, मिक्सर, काहीही असो, आधी बल्ब. त्याला दहादा सांगितलंय, अकराव्यांदा मृत्युपत्रात सांगते.

कलम तीन. नणंद. तिने परवा येऊन टेबलाकडे बघत म्हटलं, "पोरीला मी नेते. या तारांच्या कचऱ्यात काय शिकणार ती?" नणंद मनाने वाईट नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिनेच केलं सगळं, ते मी विसरलेले नाही. पण तिच्या घरात मुलांनी प्रश्न विचारलेला चालत नाही, आणि बटण सकाळी उठल्यापासून प्रश्नच विचारते. म्हणून मुलगी तिच्याकडे नको. तिने माझ्या बारीक चिमट्याने भुवया कोरल्या होत्या आणि त्याचं टोक वाकवलं होतं. तो चिमटा मी तिच्याच नावाने करते. माझ्या तर तो काही कामाचा राहिला नाही. निळी साडीही तिलाच, ती चांगली आहे.

कलम चार. मुलीच्या सगळ्या फ्रॉकना खिसा असावा. हे साधं वाटेल, पण साधं नाही. उघड्या मशीनमध्ये वीज चालू असताना काम करायचं तर एक हात खिशात ठेवायचा, हा आमच्या बाबांचा नियम. दोन्ही हात आत असले आणि झटका बसला तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून निघते. एक हात खिशात असला तर नुसता हात झिणझिणतो, माणूस वाचतो. मी लहान होते तेव्हा माझ्या फ्रॉकला खिसाच नव्हता. बाबा मला घेऊन शिंप्याकडे गेले. शिंपी म्हणाला, "मुलीच्या फ्रॉकला खिसा कशाला?" बाबा म्हणाले, "जिवंत राहायला." शिंपी हसला, बाबा हसले नाहीत. खिसा शिवून झाला तेव्हा घरी आले. बटण हे काम करो न करो, खिसा असावा.

कलम पाच. दुकानातलं सामान. दुकान बाबांचं. आम्ही दोघं भावंडं या टेबलाखाली रांगलो. बाबांकडे जुनी मशीनं यायची, कॉलेजातली, कारखान्यातली. नवं घ्यायला कुणी तयार नसायचं आणि जुनं टाकवत नसायचं. स्कोप म्हणजे काचेच्या गोल पडद्यावर विजेची हिरवी रेघ दाखवतं ते मशीन. रेघ बघून कळतं वीज कुठे अडखळते. बाबा म्हणायचे, "आधी नाक, मग डोळे, मग मीटर, बोट सगळ्यात शेवटी." जळक्याचा वास येतो का बघ, फुगलंय-काळं पडलंय का बघ, मगच मीटर लाव. दादा नेहमी बोटापासून सुरुवात करायचा. बाबा त्याला "घाई" म्हणायचे, मला "ठिणगी". "ए घाई, पंखा बंद कर. ए ठिणगी, त्याला चिमटा दे, नाहीतर दाताने काढेल."

बाबा डावरे होते. त्यांचा टेबलाचा खण डाव्या हाताला उघडतो, कात्रीसुद्धा उलटी. तो खण, ती कात्री आणि त्यातलं भिंग दादाला. बाबांचा निळा मीटरही दादाला. बाकीची मीटरं खरी की खोटी ते या निळ्याला विचारून ठरायचं. माझे स्वतःचे तारा जोडायचे सोल्डरिंग आयर्न आणि पाने बटणला, ती मोठी झाल्यावर. दुकान चालवायचं की बंद करायचं ते दादाने ठरवावं, त्यात मी काही म्हणत नाही.

कलम सहा. इथे काका म्हणाले थोडक्यात लिही. थोडक्यात येत नाही.

बटण जन्मली त्या महिन्यात बाबांनी आणि दादाने मिळून कॉलेजच्या प्रयोगशाळेचा एक स्कोप दुरुस्त करून दिला. मी बाळंतीण, दुकानामागच्याच खोलीत होते. तिथे नेऊन लावला, जरा वेळ चालला, आणि मुलांच्या समोर आतला एक कंडेन्सर फुटला. कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी. तिला प्लस आणि मायनस अशी दोन टोकं असतात. उलटी लावली तर लगेच काही होत नाही, तापते, फुगते, मग फुटते. आतलं गरम पाणी शिपायाच्या गालावर उडालं. गाल बरा झाला, पण कॉलेजचं काम गेलं, आणि बोभाटा झाला म्हणून इतरांचंही.

दादा बघायला गेला. तिथेच झाकण काढून बघितलं, परत आला आणि बाबांच्या समोर उभा राहून म्हणाला, "मी उलटा लावला. घाईत."

बाबा म्हणाले, "उलट्या लाइनीत?"

"हो."

या स्कोपात एक लाइन उलटी असते. बाकी सगळीकडे कंडेन्सरचं मायनस टोक मशीनच्या बॉडीला जातं, त्या एका लाइनीत प्लस बॉडीला जातं. हाताला सवय मायनसची, म्हणून तिथे हात चुकतो. बाबांनी आम्हाला हे इतकं घोकून घेतलं होतं की जेवताना मध्येच विचारायचे, "उलट्या लाइनीत काय?" आणि आम्ही तोंडात घास असताना म्हणायचो, "प्लस बॉडीला."

बाबा त्याला फार बोलले. गिऱ्हाइकासमोर बोलले. "एवढं शिकवून हेच शिकलास. माझ्या टेबलाला हात लावू नकोस." दादा मान खाली घालून ऐकून घेत होता. त्यानंतर बाबांनी खणाला कुलूप लावलं. त्यानंतर बाबांचं कामातलं मनच उडालं, नुसते खुर्चीत बसायचे, आणि वर्ष व्हायच्या आत एका सकाळी खुर्चीतच गेले.

मयताला आलेली माणसं अजून घरात बसलेली होती तेव्हा मी दादाला म्हटलं, "आधी बाबांचं नाव घालवलंस, मग बाबांना घालवलंस." त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली, माझ्यासमोर टेबलावर ठेवली, बटणच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. तेव्हापासून माझा नंबर दिसला की तो फोन उचलत नाही.

परवा भंगारवाले काका हातगाडीवर तोच स्कोप घेऊन आले. प्रयोगशाळेची अडगळ काढली म्हणे. फुटल्यापासून तो तिथेच धूळ खात पडला होता, दुसऱ्या कुणाला त्यांनी दाखवलाच नव्हता.

काका म्हणाले, "ठिणगे, तुझ्या बापाच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलीय यावर. तोडू की बघतेस?"

"ठेवा इथे."

"पोट बघ केवढं झालंय. वाकता तरी येतं का?"

"स्कोप पोटाने दुरुस्त करत नाहीत काका."

"तुझा बाप असाच उलट बोलायचा," म्हणाले आणि टेबलावर ठेवून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

काल दुपारी उघडला. खरं म्हणजे हाताला काहीतरी काम हवं होतं, दवाखान्याचं डोक्यातून जावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर मनात होतं, दादाची चूक एकदा डोळ्याने बघावी. सिरीज बोर्डला लावला, बल्ब भरून पेटला. बंद केला, पिन काढली, सगळे कंडेन्सर रिकामे केले. इतक्या वर्षांनी त्यात काही उरलं नसणार, पण सवय. नाक लावलं, जुना जळका वास अजून होता. फुटलेला कंडेन्सर उलट्या लाइनीतच होता आणि उलटाच होता, मायनस बॉडीला. दादा म्हणाला होता तसंच.

मग टाका बघितला. तार जिथे सोल्डरने जोडतात त्या जोडाला बाबा टाका म्हणायचे. माणसाचं अक्षर असतं तसा प्रत्येकाचा टाका असतो. दादाचा टाका म्हणजे सोल्डरचा डोंगर. माझा बारीक, बाबा म्हणायचे सोनाराच्या घरात जन्मायची ती इथे आली. आणि बाबा तारेला आधी आकड्यासारखा वळसा द्यायचे, घट्ट दाबायचे, मग तांदळाच्या दाण्याएवढं सोल्डर. आम्ही दोघं उजवे, आमची तार वळली तर उजवीकडे वळते. बाबांचा आकडा डावीकडे वळायचा.

त्या उलट्या कंडेन्सरची दोन्ही टोकं डावीकडे वळलेली आहेत.

भिंग घेऊन बघितलं. खाली बसले, पाणी प्यायले, परत बघितलं. बाजूचे दोन टाके दादाचे आहेत, डोंगर. त्यांना कुणी हात लावलेला नाही. तो कंडेन्सर बाबांनी लावला. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता हे ते गेल्यावर डॉक्टरने सांगितलं, तोवर त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. दादाने प्रयोगशाळेत झाकण काढलं तेव्हा हाच आकडा बघितला. आणि घरी येऊन म्हणाला, मी लावला.

रात्रभर मी तेच बघत राहिले, डोळे मिटले तरी. बाबा त्याला बोलत होते तेव्हा तो मान खाली घालून उभा होता. मी बोलले तेव्हाही. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. बाबा त्याच्यावर नाराज होऊन गेले आणि त्याने जाऊ दिलं. आम्ही कुठलंही मशीन बल्बमधून लावल्याशिवाय सरळ विजेला लावत नाही. माझ्या भावाला मात्र मी सरळ लावलं.

हे लिहिलं की बाबांच्या नावाला धक्का लागतो, ते मला कळतं. दादाने जे झाकलं ते मी दोन साक्षीदारांच्या सहीने उघडं करते. रात्री हाही विचार केला. बाबांना आता कुणी काही विचारणार नाही, ते सुटले. दादा अजून बाबांसमोर मान खाली घालून उभा आहे. त्याला तिथे ठेवून मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला जाऊ शकत नाही.

म्हणून या स्कोपला कुणी हात लावायचा नाही. विकायचा नाही, साफ करायचा नाही, टाका सोडवायचा नाही. बटणला जवळ येऊ देऊ नका, ती दाबणार. तो दादाला दिला. त्याने बघावा आणि मग त्याच्या मनाला येईल ते करावं. नवा कंडेन्सर बसवून हिरवी रेघ आणली तर मला आवडेल, पण तसं बंधन नाही.

कलम सात. पोटातल्याचं नाव दादाने ठेवावं. मुलगा असो मुलगी असो, त्याने लहानपणी माझ्या बाहुलीचं नाव ठेवलं होतं तसलं मात्र ठेवू नये.

बटणला सांगायचं, आई दुरुस्तीला गेली. तिला ते कळतं. दुरुस्तीला आलेलं सगळंच परत जात नाही हेही तिला दुकानात बसून कळलेलं आहे. विचारेल तेव्हा खरं सांगा, लांबवू नका.

याउपर माझी कुणाला काही आज्ञा नाही. नवऱ्याला एवढंच, गाडी सावकाश चालव.

सही: ठिणगी, बटणची आई.

साक्षीदार पहिला: टायपिंगवाले काका. त्यांनी कागद वाचला नाही, वाचायला लागले आणि चष्मा पुसायला थांबले.

साक्षीदार दुसरा: भंगारवाले काका. साक्षीदाराला काही देता येत नाही असं कळल्यावर तोंड वाकडं केलं, पण सही केली.

ठिकाण: दुकानात, डावीकडे उघडणाऱ्या खणाच्या टेबलावर. तारीख साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली घातली आहे.

आणखी एक, सहीच्या खाली लिहिते, चालेल का ते टायपिंगवाल्या काकांना विचारलेलं नाही. हा कागद ज्याच्या हातात येईल, नवरा असो, नर्सबाई असो, कुणीही असो, त्याने दादाला फोन करावा. नंबर इथे भिंतीवर आहे, स्विचबोर्डच्या वर, बाबांनी खिळ्याने रंगात कोरलेला. त्याने नंबर बदललेला नाही. माझ्या फोनवरून करू नका, उचलणार नाही, तुमच्या फोनवरून करा. आधी बाळाचं सांगा, मग माझं, जे झालं असेल ते. मग म्हणा, आकडा डावीकडे वळलेला होता, तिने बघितलं. बास, त्याला कळेल. तो काही बोलला नाही तरी लगेच ठेवू नका, जरा वेळ थांबा. मी वाचले तरी हा फोन तुम्हीच करा, माझा तो उचलत नाही.